सुई धरणाऱ्या हातात पेन्सिल

आपल्या घरात कलावंत कोण, असे कुणी विचारले तर आपण कुणाचे नाव सांगतो? कोणी जलशात ढोलकी वाजवणाऱ्या आजोबांचे सांगेल, कोणी भीमगीते गाणाऱ्या काकांचे, कोणी बँजो पार्टीतल्या भावाचे. आईचे नाव बहुधा कोणी घेत नाही. तिने शिवलेली झबली अंगावर घालून आपण मोठे झालो, तिने शिवलेल्या वाकळीवर झोपलो, तिने केलेल्या पिशवीत पाटी-पुस्तक घालून शाळेत गेलो. पण ते सारे 'घरचे काम' म्हणून मोजले गेले, नव्हे, मोजलेच गेले नाही. कला म्हणजे काचेच्या चौकटीत लावलेली, मोठ्या माणसांच्या दिवाणखान्यातली वस्तू, असे आपल्या मनात पक्के बसले आहे.

म्हणून यावेळी आम्ही भावंडांनी मिळून आमच्या आईविषयी लिहायचे ठरवले. ती कोणी प्रसिद्ध बाई नाही. तिच्या नावाचे कुठे प्रदर्शन भरलेले नाही. नाव छापलेले तिला आवडायचे नाही, म्हणून ते इथे देत नाही. चौथीपर्यंत शिकलेली, गिरणी कामगाराची बायको, चार लेकरांची आई, एवढीच तिची ओळख. पण आज सत्तरी ओलांडली तरी तिचा हात रिकामा बसलेला आम्ही पाहिलेला नाही. सुई, कातर, क्रोशाची सळई असे करत करत वयाच्या ६३ व्या वर्षी तिने हातात पेन्सिल घेतली. आपल्या वस्तीवस्तीत अशा कितीतरी आया आहेत. त्यांच्या मुलांनी आणि सुनांनी हे वाचावे, आणि वाचून झाल्यावर आपल्या घरातल्या त्या हातांकडे एकदा नीट पाहावे, एवढाच हेतू आहे.

वाकळीची शाळा

आईचा जन्म १९५२ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या माणदेशातला. दुष्काळी मुलूख. धाकटी भावंडे सांभाळायला घरात कोणी नाही, म्हणून चौथीनंतर शाळा सुटली. पण दुसरी एक शाळा घरातच सुरू होती, ती म्हणजे आजीची वाकळ.

उन्हाळ्यात रानातली कामे सरली की आजी जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे काढून बसायची. अंगण झाडून, सारवून त्यावर त्यातल्या त्यात धड असलेले लुगडे अंथरायचे. ते सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर जुन्या कापडांचे थर आणि सगळ्यात वर पुन्हा एक धड लुगडे. मग मोठ्या सुईने कडेपासून धावता टाका घालत चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचे. एका बाजूला आजी, समोरच्या बाजूला आमची आई. टाके एकसारखे पडले नाहीत तर आजी बोलायची नाही, नुसता दोरा ओढून काढायची. पुन्हा घाल.

आई सांगते की वाकळीला नवे कापड चालत नाही. नव्या कापडाची खळ सुईला अडते आणि अंगालाही टोचते. धुऊन धुऊन मऊ झालेले सुतीच पाहिजे. थरांच्या मध्ये हवा कोंडून राहते, त्यामुळे ऊब टिकते, आणि दाट टाक्यांमुळे आतले थर गोळा होत नाहीत. आपल्या आया-आज्यांनी हे कुठल्या पुस्तकातून शिकलेले नाही. थंडीने शिकवले आणि गरिबीने घटवून घेतले.

रंगांचे शिक्षणही तिथलेच. कुठल्या चिंधीशेजारी कुठली चिंधी बसवायची, यावर आजीचे ठाम मत असे. "गडद्याशेजारी फिक्कं ठिव, म्हंजी दोन्ही उठून दिसत्यात," हे तिचे वाक्य आई आजही सांगते. चित्रकलेच्या वर्गात याच गोष्टीला विरोधी रंगछटा म्हणतात.

ही आजी १९६८ साली वारली. तिचा एकही फोटो नाही. फोटो काढण्यासाठी तालुक्याला जावे लागे, आणि तालुक्याला जायचे ते दवाखान्यासाठी नाहीतर कोर्टकचेरीसाठी. गंमत म्हणून कोण जाणार? ही गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मशीन घरात आली

१९७१ साली लग्न होऊन आई मुंबईला, वरळीच्या बीडीडी चाळीत आली. १६० चौरस फुटांची एक खोली आणि त्यात सासू-सासरे धरून सात माणसे. वडील गिरणीच्या सूतखात्यात होते. आमचे आजोबाही गिरणीतच होते. त्यांच्या काळात धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना कापडखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे उभे करत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. आई सुईत ओवताना दोरा ओठांनी ओला करते, तेव्हा आम्हाला हमखास ती गोष्ट आठवते. त्याच ओल्या दोऱ्याने शिवलेले ब्लाउज पुढे सगळ्या जातींच्या बायकांनी आनंदाने घातले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, तो नुसता विरत गेला. वडिलांना गिरणी पुन्हा दिसली नाही. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आईने कानातली फुले मोडली आणि एक जुनी पायमशीन विकत घेतली. खोलीत मशीन ठेवायला जागा नव्हती. मग पलंगाखालची पेटी माळ्यावर गेली, मशीन खिडकीशी आली आणि रात्री तिच्या पाट्याखाली आमच्यातला एक जण झोपू लागला.

कटिंग शिकवले ते शेजारच्या मावशींनी. सुरुवात परकरापासून. दोन-सव्वादोन मीटर कापडात सहा कळ्या कशा बसवायच्या, की वरून कंबरेला बेतशीर आणि खाली घेर पुरेसा, आणि कापड मात्र वाया जाणार नाही. एक कळी सुलटी, दुसरी उलटी अशी शेजारी शेजारी मांडली की कापड बरोबर भागते. त्यानंतर ब्लाउज. छातीच्या मापाचा चौथा भाग, त्यात शिलाईचे आणि सैलपणाचे माप, मुंढ्याची गोलाई, गळ्याची खोली, पुढचे टक्स. टक्स म्हणजे सपाट कापडाला चिमटा घेऊन शिवायचे, की कापडाला अंगासारखी गोलाई येते. चौथी शिकलेली बाई भागाकार आणि भूमिती वर्तमानपत्राच्या कागदावर करत होती. तिला मात्र वाटायचे, आपल्याला गणित येत नाही.

पुढची १५ वर्षे घर त्या मशीनवर चालले. फॉल-बिडिंग, काजे-बटण, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे. डझनावर मजुरी. एकदा एका व्यापाऱ्याने पूर्ण गठ्ठा टीप सैल आहे म्हणून परत केला. आई दोन रात्री उसवत बसली. दोष हाताचा नव्हता, वरच्या दोऱ्याचा ताण ढिला पडला होता. तेव्हापासून ती नवे काम धरताना आधी चिंधीवर टीप मारून पाहते. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर वरचा ताण कमी आहे, आणि खालचा दोरा वर ओढून आला तर वरचा ताण जास्त. सुईसुद्धा कापड पाहून घालायची. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६ किंवा १८. बोथट सुई दोरा तोडते, म्हणून सुई बदलण्यात कंजुषी करायची नाही. नव्याने शिवण शिकणाऱ्या मुलींना हा धडा फुकट देत आहोत.

चिंधीसुद्धा टाकायची नाही

मजुरीचे काम झाले की उरायचे कातरण. ते आई पिशवीत भरून ठेवायची, आणि दुपारी मशीन बंद असताना तिचे खरे काम सुरू व्हायचे. लांब पट्ट्यांची वेणी घालून ती गोल फिरवत शिवली की पायपुसणे. त्रिकोणी तुकडे जोडले की दाराचे तोरण. जुन्या पँटचे पाय कापून बाजाराच्या पिशव्या, त्याच पँटच्या खिशांतून भिंतीवर लावायचा कप्प्यांचा बटवा, आणि त्यात कंगवा, पेन, लाइटचे बिल. क्रोशाच्या सळईने रेडिओवरचा रुमाल. पुढे रेडिओ गेला, टीव्ही आला, तोच रुमाल टीव्हीवर गेला.

जयंतीच्या आधी विहाराचा पंचशील ध्वज शिवायचे काम तिच्याकडे यायचे. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच पट्टे आणि सहावा पट्टा या पाचही रंगांचा. पट्टे सारख्या रुंदीचे आले पाहिजेत, नाहीतर वाऱ्यावर ध्वज एका अंगाला ओढतो. आई पाचही कापडे आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायची. न भिजवता शिवले तर पहिल्या पावसात एक रंग आटतो, दुसरा आटत नाही आणि शिवणीवर सुरकुत्या पडतात. लाल रंग सुटतो का, हेही पाण्यातच कळते. लाल पट्ट्याला लागून पांढरा असतो. लाल सुटला तर आधी तोच बिघडणार.

यातले कुठलेही काम तिने 'कला' म्हणून केले नाही. पण पायपुसण्यावर कोणता रंग बाहेर यावा, यासाठी तीनदा उसवणाऱ्या बाईला दुसरे काय म्हणावे? पाय पुसायला एकाच रंगाचे पायपुसणेसुद्धा चालले असते.

तांब्याचे तोंड गोल की चपटे?

२०११ साली वडील गेले. मुले आपापल्या कामाला लागलेली. मशीनची मजुरी आईने केव्हाच थांबवली होती. हातशिवण चालू होते, पण चाळिशीचा नंबर वाढला होता आणि बारीक टाका त्रास देऊ लागला होता.

२०१५ साली आमची भाची एलिमेंटरीच्या परीक्षेला बसली. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा शाळकरी मुलांच्या ओळखीच्या आहेत. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. पोरगी घरात तांब्या-पेला मांडून वस्तुचित्राचा सराव करत होती. तिने तांब्याचे तोंड कंपासने काढल्यासारखे पूर्ण गोल काढले. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ते तोंड चुकलंय बघ."

"अगं आजी, तांब्याचं तोंड गोलच असतं ना!"

"असतं गोल, पण इथनं मला चपटं दिसतंय. उभी राहून बघ, मग गोल दिसंल."

हा वस्तुचित्राचा पहिला नियम आहे. गोल तोंड डोळ्याच्या रेषेत आले की नुसती एक आडवी रेघ दिसते. डोळा जसजसा वर जाईल, तसतशी ती रेघ उघडत जाते आणि लंबगोल होते. वस्तू कशी आहे ते नव्हे, ती आपल्या जागेवरून कशी दिसते ते काढायचे. मुलांना हे उमगायला बराच काळ जातो. आईला ते आधीच ठाऊक होते, कारण तिने जन्मभर डोळ्याने मापे घेतली होती.

"मग तूच काढून दाखव," नात म्हणाली. आईने हात झटकला. "मला नाय येत बाई. माझी चौथीची पाटी."

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, तिने भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढले, त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूला तांब्या काढला आणि कागद गादीखाली ठेवला. आठवड्याने गादी उन्हात घालताना तो सापडला. एका कागदावर अकरा तांबे होते. पहिला पार कलंडलेला, अकरावा चांगला उभा राहिलेला.

कापडाची विद्या कागदावर

वस्तीतले एक चित्रकला शिक्षक रविवारी सकाळी मुलांचा वर्ग घेत. नातीच्या आग्रहाने आई तिथे गेली. सतरंजीवर आठ-दहा वर्षांची मुले आणि मध्ये नऊवारीतली एक आजी. मुलांना गंमत वाटली, पण दोन रविवारी ती सरावली. ती तिला 'आजी, तुमचं खोडरबर द्या' म्हणू लागली.

सरांना आश्चर्य वाटले ते एका गोष्टीचे. काही धडे आईला शिकवावेच लागले नाहीत. संकल्पचित्रात चौकोनाचे सारखे भाग पाडून नक्षी भरायची असते. आईने पट्टी घेतलीच नाही. तिने कागदाची चौघडी घातली, एका भागात नक्षी काढली आणि घडीवरून ती उरलेल्या तीन भागांत उतरवली. कापडाची चौघडी घालून झबले बेततात, तशीच. छटा भरताना मुले पेन्सिल आडवी घासत होती. आई मात्र बारीक बारीक तिरक्या रेघा एकीशेजारी एक घालत गेली, जिथे अंधार तिथे दाट, जिथे उजेड तिथे विरळ. तिच्या लेखी तो धावता टाकाच होता.

एक दिवस तिने स्वतःच आम्हाला सांगितले, "टक्स घालून सपाट कापडाचं गोल करायचं, ती शिलाई. आन् गोल वस्तू सपाट कागदावर बसवायची, ते चित्र. उलटंसुलटं आहे, पण गोष्ट एकच." इतक्या थोडक्या शब्दांत हे आम्ही कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

अडचणी काही कमी नव्हत्या. खडू आणि कातर धरणारा हात पेन्सिलीवर जोर फार द्यायचा, कागद फाटायचा. सरांनी एचबीऐवजी मऊ २बी पेन्सिल दिली, तेव्हा हात हलका झाला. चेहरे काढताना ती डोळे फार वर काढायची. बहुतेक सगळेच नवशिके असे काढतात. कपाळ आणि केस मिळून केवढी जागा घेतात, हे ध्यानात येत नाही. डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे येतात, हे आरशासमोर टेप धरून मोजले तेव्हा कुठे तिला पटले.

"आता याचं काय करायचं?"

चाळीतल्या बायका विचारू लागल्या. "काकू, याचे पैसे मिळतात का?" "म्हातारपणी हे काय नवीन?" नात्यातले एक गृहस्थ म्हणाले, "देवळात नाही जात तर विहारात जाऊन बसावं, पोरांत काय बसायचं?"

प्रश्न टोचणारा होता आणि तो सगळ्याच कष्टकरी बायकांना लागू आहे. आईने आयुष्यात जे जे केले, त्याला काहीतरी कारण होते. वाकळ थंडीसाठी, मशीन पोटासाठी, पिशवी बाजारासाठी, ध्वज समाजासाठी. कारणाशिवाय, नुसते आपल्या मनासाठी काही करायचे, याची तिला कधी मुभाच नव्हती. पुरुष कट्ट्यावर बसून पत्ते खेळतो, तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की याचे पैसे मिळतात का. बाईने तासभर वही उघडली की मात्र हिशेब मागितला जातो.

आई भांडली नाही. म्हणाली, "पंधरा वरसं डझनावर शिवलं. आता एक एक मोजून करते." आणि पुन्हा वहीत डोके घातले.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले आणि चित्रकलेचाही नाद केला, हे आपण अभिमानाने सांगतो. एवढ्या कामांच्या रगाड्यात त्यांना त्यासाठी वेळ काढावासा वाटला. मग आपल्या आयांना तो हक्क नाही काय?

ज्याचा फोटो नाही, तो चेहरा

स्मरणचित्राच्या तासाला सरांनी 'घरातले एक दृश्य' असा विषय दिला. मुलांनी टीव्ही पाहणारे कुटुंब काढले. आईने अंगणात वाकळ शिवणारी बाई काढली. पदर डोक्यावरून घेतलेला, एक पाय दुमडलेला, हातात सुई. चेहऱ्याची जागा मात्र कोरी. सरांनी विचारले तेव्हा म्हणाली, "ही माझी आई. चेहरा दिसतोय मला, पण हात तिथवर जात नाही."

तेव्हा आम्हाला कळले की ती पेन्सिल कशासाठी हातात धरून बसली होती. आमच्या आजीचा फोटो नाही. तिला पाहिलेली माणसे एकेक करून जात आहेत. आई गेली की तो चेहराही जाणार. आपल्यातल्या किती घरांची हीच गोष्ट आहे! आपल्या पणज्या-खापरपणज्यांची चित्रे कुठल्या राजवाड्यात टांगलेली नाहीत. त्या कशा दिसत होत्या, हे सांगणारे कोणी उरले नाही.

पुढची तीन वर्षे आईने तो एकच चेहरा काढला. कधी नाक लांब व्हायचे, कधी ओठ परके वाटायचे. आमच्या धाकट्या बहिणीची हनुवटी आजीसारखी आहे, असे गावाकडे म्हणतात. म्हणून तिला समोर बसवून नुसत्या हनुवटीचे वीस-पंचवीस कागद झाले. शेवटी तिला एक तोड सापडली. समोरून चेहरा आठवत नव्हता, कारण वाकळीवर बसलेली आजी तिला नेहमी बाजूने, मान खाली घातलेलीच दिसलेली होती. मग तसाच काढला, बाजूने, सुईकडे पाहणारा.

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत गावाकडची मावशी, आईची पाठची बहीण, मुंबईला आली. कोणी काही सांगितले नव्हते. तिने वही चाळता चाळता ते पान धरले आणि म्हणाली, "आक्के, ही तर आयच गं." मग दोघी बहिणी बराच वेळ बोलल्या नाहीत. ते चित्र आज आमच्या चौघांच्याही घरी आहे. झेरॉक्स काढून वाटले.

अशा आया जगभर

आमची आई ही काही एकटीच नाही. बिहारातल्या मधुबनी जिल्ह्यातल्या दुलारी देवी मल्लाह, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या. त्या महासुंदरी देवी या चित्रकर्तीच्या घरी धुणीभांडी करत. काम करता करता चित्रे पाहिली, तिथेच हात बसवला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच जिल्ह्यातले शांती देवी आणि शिवन पासवान हे जोडपे दुसाध समाजातले. अंगावरच्या गोंदणाच्या नक्षीतून उभ्या राहिलेल्या गोदना चित्रशैलीत ते काम करतात. २०२४ ची पद्मश्री दोघांना मिळाली. जी चित्रकला पूर्वी वरच्या जातींच्या घरांतली समजली जाई, तिच्यात या माणसांनी आपली नक्षी घातली.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. तिथले काळे लोक कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांचे वंशज. तिथल्या बाया कामावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, थंडी भागवायला, अगदी आपल्यासारख्याच. त्या भागातल्या बायकांनी १९६६ साली गोधड्यांची सहकारी संस्था काढली. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. आपली वाकळ कुठल्या भिंतीवर लागली?

अमेरिकेतलीच दुसरी एक शेतकरीण, ॲना मेरी मोझेस, १८६० साली जन्मलेली. ती लोकरीने कापडावर चित्रे भरायची. संधिवाताने बोटे आखडली, सुई धरवेना, तेव्हा वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर तिने कुंचला धरला. १९६१ साली १०१ व्या वर्षी ती वारली, तोवर 'ग्रँडमा मोझेस' या नावाने तिची चित्रे दूरदूर पोचली होती.

सुरुवात कशी करावी?

ज्या मायभगिनींना हे वाचून हुरूप आला असेल, त्यांच्यासाठी आईने सांगितलेल्या चार गोष्टी.

पहिली, महागडे सामान घेऊ नका. एक २बी पेन्सिल, एक खोडरबर आणि जुन्या कॅलेंडरची मागची बाजू पुरे. गुळगुळीत कागदावर पेन्सिल घसरते, तेव्हा जरा खरखरीत कागद पाहा.

दुसरी, उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डाव्या बाजूने येऊ द्या, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. शिवणालाही हेच लागू. चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या. डोळे ओढून काम करण्यात मोठेपणा नाही.

तिसरी, घरातलीच एक वस्तू घ्या. तांब्या, कांदा, चप्पल, काहीही. हात सरळ लांब करून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा, वस्तूची उंची पेन्सिलीवर अंगठ्याने धरा आणि तीच लांबी आडवी करून रुंदीशी ताडून पाहा. हात मात्र वाकवू नका, नाहीतर माप बदलते. एकच वस्तू दहा वेळा काढा. दहा वस्तू एकेकदा काढण्यापेक्षा ते बरे.

चौथी, आणि आईच्या मते सगळ्यात अवघड, म्हणजे दिवसातला अर्धा तास मागून घ्या. भात शिजेपर्यंतचा चोरलेला अर्धा तास नव्हे. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेला, आपल्या नावाचा.

आणि मुलांना, सुनांना, जावयांना सांगणे एवढेच. आईने काही केले तर 'छान आहे' म्हणून बाजूला ठेवू नका. तिला विचारा, हे कसे केलेस, हा रंग इथे का घेतलास, हा टाका कुणी शिकवला. ती सांगेल ते वहीत उतरवून घ्या, खाली तारीख घाला. तिने शिवलेल्या जुन्या गोधडीच्या कोपऱ्यावर तिचे नाव दोऱ्याने घालून द्या. विहारातल्या महिला मंडळांनी वर्षातून एक दिवस वस्तीतल्या वाकळी, तोरणे, क्रोशाचे रुमाल आणि वह्या एका दोरीवर मांडाव्यात. त्याला ना हॉल लागतो, ना उद्घाटनाला पाहुणा. कपडे वाळत घालायचे चिमटे तेवढे लागतात, आणि ते प्रत्येक घरात आहेत.